पाळी गेली, तांबी राहिली

पाळी गेली तेव्हा मी ४९ वर्षांची होते. सुटले असं वाटलं. कपाटातले उरलेले पॅड धाकट्या बहिणीला देऊन टाकले आणि कंबरेखालचं ते खातं आता बंद, असं मनाशी ठरवलं. पुढची बारा वर्षं बायकांच्या डॉक्टरांची पायरी चढले नाही. पाळी नाही, मूल व्हायचं नाही, मग कशाला जायचं? डोळे तपासले, गुडघे दाखवले, कंबर दुखली तेव्हा एक्स-रेसुद्धा काढला. या एका गोष्टीचं मात्र कधी नावही निघालं नाही.

६१व्या वर्षी ओटीपोटात डावीकडे जड वाटायला लागलं. दुखतं म्हणावं तर दुखत नव्हतं, आणि बरं म्हणावं तर त्या कुशीवर झोपता येत नव्हतं. संध्याकाळ झाली की अंग कसकसायचं. थर्मामीटर लावला की ९९, फार तर ९९.४. एवढ्याला ताप कोण म्हणतं? लघवीला सारखं जावंसं वाटायचं, आणि पोट साफ व्हायचं नाही.

नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. ‘पोटात दुखतं’ एवढंच सांगितलं, आणि नेमकं कुठे हे दाखवताना हात बेंबीच्या जरा खाली ठेवला, त्याहून खाली नेला नाही. लघवीच्या तपासणीत पू-पेशी थोड्या जास्त निघाल्या. पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. आठवडाभर खरंच बरं वाटलं, आणि मग दुखणं परत आलं. दुसऱ्या खेपेला दुसऱ्या गोळ्या आणि शौचाला साफ व्हायचं औषध. पुन्हा तसंच. आता कळतं की त्या गोळ्या आतल्या आगीवर नुसतं पाणी शिंपडत होत्या. ताप दबायचा, गाठ वाढत राहायची. अडीच महिन्यांत माझं वजन पाच किलोंनी उतरलं, आणि खरं सांगायचं तर ब्लाउज सैल झाले म्हणून मी खूश होते.

डॉक्टरांना मी पूर्ण सांगितलं नव्हतं, ही यातली माझी बाजू. अंगावरून पिवळसर जात होतं. त्याला वास होता. दिवसातून दोनदा आतले कपडे बदलत होते आणि ते कोणाच्या नजरेला पडणार नाहीत असे वाळत घालत होते. मिस्टर जाऊन नऊ वर्षं झालेली. या वयात, या स्थितीत अंगावरून जातं हे सांगायला जीभ रेटत नव्हती. लोक काय समजतील, हा एक विचार. मला स्वतःलाच ते घाण वाटत होतं, हा दुसरा. आपल्याकडे ‘दुखणं अंगावर काढणं’ म्हणतात ना, त्यात सहनशक्तीचं कौतुकच जास्त असतं. मी मात्र ते लाजेपोटी काढत होते.

मग एका सकाळी रक्ताचा डाग दिसला. रुपयाएवढा. बारा वर्षांनी. बहिणीला फोन केला तेव्हाही मी हसतच म्हणाले, ‘अगं, मला परत पाळी आली वाटतं.’ ती हसली नाही. म्हणाली, ‘ताई, पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर ते एकदाच का असेना, दाखवायचं असतं. आवर, मी येते.’

स्त्रीरोगतज्ज्ञ बाई वयाने माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी मला हवं ते बोलू दिलं, मग एकेक प्रश्न विचारायला लागल्या. पाळी कधी गेली, बाळंतपणं किती, मधुमेह आहे का, अलीकडे गर्भपिशवीची काही तपासणी किंवा क्युरेटिंग झालंय का, आतड्याचा कधी त्रास झालाय का. शरीरसंबंधांबद्दलही विचारलं, पण ‘रक्तदाब आहे का’ विचारावं तितक्याच सुरात, त्यामुळे मला उत्तर देता आलं. आणि मग त्यांनी विचारलं, ‘काकू, तांबी कधी बसवली होती का?’

‘हो, धाकट्याच्या वेळी.’

‘काढली कधी?’

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बहीण माझ्याकडे बघत होती. धाकटा झाल्यावर, ३६व्या वर्षी तांबी, म्हणजे पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत ठेवतात ती कॉपर-टी, बसवली होती. दहा वर्षं चालेल असं सांगितलं होतं. कार्डही दिलं होतं, ते घर बदलताना कुठे गेलं देव जाणे. दहा वर्षं झाली तेव्हा मी ४६ची, पाळी मागेपुढे व्हायला लागलेली. ‘आता थोड्या दिवसांचा प्रश्न, पाळी गेली की काढून टाकू’ असं म्हणाल्याचं पुसट आठवतं. पाळी गेली. तिच्याबरोबर तांबीही गेली असं मी बहुधा धरून चालले. पंचवीस वर्षं झाली होती.

आतून तपासणी झाली. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे तपासणी दुखते. त्यांनी लहान आकाराचं उपकरण घेतलं तरी डोळ्यांत पाणी आलं. पिशवीचं तोंड आवळून गेलेलं होतं, तांबीचा दोरा दिसत नव्हता. डावीकडे हात लागताच मी कळवळले.

त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाळी चालू असते तोवर योनीत आम्लता असते, आणि ती राखणारे चांगले जंतू असतात. इस्ट्रोजेन ओसरलं की ते जंतू कमी होतात, पिशवी आकसते, तिचं तोंड अरुंद होतं. तांबी आत तशीच राहिली असेल तर आकसलेल्या पिशवीला ती टोचते, भिंतीत रुतते, दोरा वर ओढला जातो. आत स्राव साठला तर त्याला बाहेर यायला वाट उरत नाही. म्हणून पाळी जाऊन वर्ष झालं की तांबी काढून घ्यायची असते. ‘ओटीपोटातला जंतुसंसर्ग हा तरुण बायकांचा आजार समजला जातो,’ त्या म्हणाल्या, ‘म्हणून तुमच्या वयात तो कोणाच्या डोक्यात येत नाही. त्यात ताप नसेल, फारसं दुखत नसेल, तर आणखीच येत नाही.’

सोनोग्राफीत डाव्या बाजूला साडेआठ सेंटीमीटरची गाठ निघाली. बीजकोश आणि नलिका वेगळ्या ओळखूच येत नव्हत्या, सगळं मिळून एक गोळा. पिशवीत तांबी, आडवी झालेली. रक्तात पांढऱ्या पेशी १७,४००. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी ८.६. दोन वर्षांपूर्वी ‘साखर सीमेवर आहे’ असं ऐकलं होतं आणि सीमेवरच असेल म्हणून सोडून दिलं होतं. साखर वाढलेली असली की जंतूंचं फावतं, हे तिथे कळलं.

आणि सीए-१२५ आलं ११२. रिपोर्टवर शेजारीच छापलं होतं, ३५च्या आत हवं. मुलीने फोनवर शोधलं आणि तिचा चेहरा उतरला. ‘काय लिहिलंय?’ विचारलं तर ‘काही नाही गं आई’ म्हणाली. बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये हा आकडा वाढतो. तो ओटीपोटातल्या जंतुसंसर्गातही वाढतो, हे डॉक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, पण मधली रात्र आम्ही दोघींनी एकमेकींना झोप लागल्याचं नाटक करत काढली. बाईंनी खोटा धीर दिला नाही. म्हणाल्या, ‘आकड्यावरून हो म्हणता येत नाही, नाहीही म्हणता येत नाही. पाळी गेलेल्या बाईला असा पू झाला की त्यामागे कॅन्सर लपलेला नाही ना, हे बघावंच लागतं. तरुण मुलीत मी नुसत्या इंजेक्शनांवर थांबले असते.’

दाखल झाले. सीटी स्कॅनच्या आधी किडनीचं रक्त तपासलं, कारण शिरेतून औषध सोडतात. ते सोडलं की अंगभर ऊब पसरते आणि आपल्याला लघवी झाली की काय असं वाटतं. तंत्रज्ञाने आधीच सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी लाजेने उठून पळाले असते. स्कॅनमध्ये जाड भिंतीची, आत कप्पे असलेली पूची गाठ दिसली. आतड्याला चिकटलेली. तिने डावी मूत्रनळी दाबली होती आणि त्या बाजूची किडनी थोडी फुगली होती. इकडे मला काय दुखत होतं? ‘जड वाटत’ होतं.

शिरेतून तीन औषधं सुरू झाली. त्यातलं मेट्रोनिडाझोल चढलं की तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते, पाणीसुद्धा लोखंडी लागतं. साखरेसाठी इन्सुलिन. सकाळ-संध्याकाळ कोणी ना कोणी येऊन पोट दाबून बघायचं. एका शिकाऊ डॉक्टरने सगळ्यांदेखत मोठ्याने विचारलं, ‘मिस्टर नाहीत ना? मग हे इन्फेक्शन कसं?’ खोलीतल्या चारही बायका गप्प झाल्या. मी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळी बाई आल्या तेव्हा बहिणीने ते त्यांच्या कानावर घातलं. त्या माझ्या खाटेशी बसल्या आणि मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, की या वयात हा आजार बहुतेकदा आपल्याच शरीरात राहणाऱ्या जंतूंनी होतो. आतड्यातले जंतू सरकतात. आतड्याच्या भिंतीला आलेल्या फुग्या सुजून फुटतात आणि शेजारच्या बीजकोशाला पू होतो. अपेंडिक्समुळे होतो, पिशवीची काही तपासणी झाल्यावर होतो, राहून गेलेल्या तांबीमुळे होतो. त्या मुलाला काय बोलल्या माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी तो ‘मावशी, कसं वाटतंय’ म्हणत आला आणि खाली बघत रक्तदाब मोजून गेला.

शेजारच्या खाटेवर ७२ वर्षांच्या आजी होत्या. त्यांच्या पिशवीतच पू साठला होता. तोंड पूर्ण बंद झालेलं, त्यामुळे बाहेर काहीच येत नव्हतं. आजींना ना ताप, ना मोठं दुखणं, नुसती भूक गेलेली. भूल देऊन तोंड मोकळं केलं, पू काढला, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला. ‘फुटला असता तर पोटभर पसरला असता म्हणे,’ आजी मला सांगायच्या, जणू शेजारणीच्या घरची गोष्ट. त्यांचा तुकडा चांगला निघाला. त्या घरी गेल्या तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला.

तीन दिवस झाले तरी माझा ताप संध्याकाळी डोकं वर काढतच होता. आता तो १०१पर्यंत जायचा. औषध रक्तातून गाठीच्या भिंतीपर्यंत पोचतं, आतल्या पूपर्यंत पुरेसं पोचत नाही, आणि गाठ एवढी मोठी असली की नुसत्या औषधाने हटणं अवघड. दोन मार्ग होते. एक, सोनोग्राफीत बघत बघत सुई घालून नळी ठेवायची आणि पू वाहू द्यायचा. दुसरा, पोट उघडून सगळं काढायचं. मला अर्थातच नळी हवी होती. पण गाठीत कप्पे होते, एका नळीने एकच कप्पा रिकामा झाला असता. शिवाय आत कॅन्सर असेल तर सुईने भोक पाडणं म्हणजे तो पसरवायला वाट करून देणं. आणि माझ्या वयाला पिशवी, बीजकोश राखण्याचं कारणही नव्हतं. हे शेवटचं वाक्य बरोबरच होतं, तरी ऐकताना पोटात कालवलं. वापर संपला तरी वस्तू आपली असते.

संमतीपत्रावर सही करताना एक ओळ अशी होती, की आतड्याला इजा झाली तर पोटावर काही महिने शौचाची पिशवी ठेवावी लागेल. एका नर्सने येऊन पोटावर शाईने जागाही आखून ठेवली. कॅन्सरपेक्षा मला त्या शाईच्या गोलाची भीती जास्त वाटली, हे आज कबूल करते. रात्रभर त्यावर हात ठेवून पडले होते.

आधी मूत्रनळीत एक बारीक नळी घातली, म्हणजे चिकटलेल्या भागात ती चुकून कापली जाऊ नये. मग तांबी काढली. मग पोट. मला यातलं काहीच माहीत नाही, जे सांगते ते बहिणीकडून ऐकलेलं. गाठीचा तुकडा तिथल्या तिथे गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिला होता आणि त्याचं उत्तर येईपर्यंत सगळे थांबले होते. बाहेर बहीण आणि मुलगी. सुमारे अर्ध्या तासाने एक डॉक्टर दारात आले आणि म्हणाले, ‘आत्ता तरी कॅन्सर दिसत नाही.’ बहीण म्हणते, ‘आत्ता तरी’ आम्ही ऐकलंच नाही.

शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा पोटावर हात फिरवला. पट्टी होती, एका कुशीत नळी होती, शौचाची पिशवी नव्हती.

पुढचे दिवस सगळ्या ऑपरेशनवाल्यांचे असतात तसेच गेले. खोकला आला की उशी पोटाशी धरायची, नळीतून किती आलं ते रोज विचारायचं, वायू सरला की घरच्यांना आनंद. एक बाटली रक्त चढलं. पाचव्या दिवशी नळी निघाली. मूत्रनळीतली ती बारीक नळी मात्र सहा आठवडे आत राहिली, आणि तिच्याबद्दल मला कोणी पुरेसं बजावलं नव्हतं अशी माझी तक्रार आहे. लघवी करताना कुशीत कळ जायची, मधूनच लघवी लालसर व्हायची. टाके फुटले या भीतीने मी एकदा रात्री दोन वाजता मुलीला उठवलं. तसं होतंच असं नंतर कळलं.

पूमध्ये ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू वाढला. पण खरं उत्तर दहाव्या दिवशी, काढलेल्या गाठीच्या सविस्तर तपासणीत आलं. कॅन्सर नाही, आणि ॲक्टिनोमायसिस. नावात बुरशी आहे, पण हा जंतू आहे. आपल्या तोंडात, आतड्यात तो एरवी निमूट राहतो. जुन्या तांबीवर त्याला घर मिळतं. फार सावकाश वाढतो, हवा नको असते, आणि एका अवयवाची हद्द न जुमानता शेजारच्यात शिरतो, म्हणून स्कॅनवर हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो. पूमध्ये त्याचे पिवळे कण सापडतात, त्यांना रंगावरून गंधकाचे कण म्हणतात. तपासणीत नुसता हा जंतू दिसला म्हणजे आजार झाला असं नव्हे, असंही बाईंनी बजावलं, कारण तोवर मी ओळखीच्या सगळ्या तांबीवाल्यांना घाबरवायला सुरुवात केली होती.

या जंतूवर ते लोखंडी चवीचं औषध चालत नाही. त्याला लागतं जुनं पेनिसिलिन, आणि तेही भरपूर दिवस. गाठीचा एक चिवट पापुद्रा आतड्यावरून सोडवता आला नव्हता, म्हणून जास्तच. दोन आठवडे दर चार तासांनी शिरेतून, रात्री बारा आणि पहाटे चारलासुद्धा. मग सहा महिने अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या. दुसऱ्या महिन्यापासून अगदी ठणठणीत वाटायला लागलं, आणि खरी कसोटी तिथेच होती. बरं वाटत असताना दिवसातून तीन वेळा गोळी घेणं हे आजारपणात घेण्यापेक्षा कठीण. मुलीने फोनवर गजर लावून दिला. तो वाजला की नातू ओरडायचा, ‘आजी, जंतू!’

सहा महिन्यांनंतरचं स्कॅन साफ आलं. सीए-१२५ उतरून १४. वजन चार किलो परत आलं, ब्लाउज पुन्हा घट्ट.

त्याच सुमारास जुने रिपोर्ट लावायला काढले. बाईंना सगळे एका फायलीत हवे होते. त्यात पाच वर्षांपूर्वीचा कंबरेचा एक्स-रे निघाला. मुलीने तो खिडकीशी धरला. मणके, माकडहाड, आणि खाली मधोमध इंग्रजी टी अक्षरासारखी पांढरी स्वच्छ रेघ.

‘आई, ही पिन आहे का कसली?’

पाकिटात रिपोर्टही होता. मणक्यांविषयी पाच-सहा ओळी, त्यातल्या दोन मी तेव्हा वाचल्या होत्या, कारण हाडांच्या डॉक्टरांनी त्याच दोन ओळींवर पेनाने खूण केली होती. सगळ्यात खाली, वेगळी, एक ओळ होती. ‘आययूसीडी इन सिटू.’ तांबी जागेवर आहे.